कप विसळायला कोण येतंय?

वाचक विचारतात

गेल्या अंकात मी लेकीच्या गावाबद्दल दोन पानं लिहिली होती. इंग्लंडच्या पश्चिमेला, ग्लॉस्टरशर काउंटीत, माणसांपेक्षा मेंढ्या जास्त असलेलं गाव. आतापर्यंत चार वेळा जाऊन राहिले आहे, दर वेळी पाच-सहा महिने. त्या लेखावर आलेली पत्रं वाचून वाटलं की निम्म्या पुण्याची मुलं लंडन सोडून खेड्यात राहायला गेली आहेत. त्यातली काही पत्रं आज घेते. गावाचं नाव पुष्कळांनी विचारलंय. ते मिळणार नाही. "तुझे वाचक पत्ता काढत येतील," असं म्हणून लेकीने बजावलंय.

मुलगा-सून इंग्लंडमधल्या एका खेड्यात आहेत. एप्रिलमध्ये मी सहा महिन्यांसाठी जाणार. इथे माझी सकाळ कमला नेहरू पार्कात सुरू होते आणि संध्याकाळ मैत्रिणींबरोबर कट्ट्यावर संपते. तिथे माणसं भेटतात तरी कुठे? की दिवसभर खिडकीशी बसायचं? — एक आजी, एरंडवणे

ताई, पहिला पंधरवडा मी खिडकीशीच काढला. रस्त्यावर चिटपाखरू नाही. सकाळी पोस्टाची लाल गाडी, दुपारी एक मांजर, संध्याकाळी तेच मांजर उलट दिशेने. लेकीला म्हटलं, या गावात कोणी राहतं का नुसता देखावा आहे? ती म्हणाली, "आई, तू बोर्ड वाचलास का?"

चर्चच्या फाटकाजवळ काचेच्या कपाटासारखा एक नोटीस बोर्ड होता. बुधवारी साडेदहा ते बारा कॉफी. मंगळवारी रात्री घंटांचा सराव. महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी बायकांचं मंडळ. पंधरा दिवसांतून एकदा, वीस मिनिटांपुरती फिरत्या वाचनालयाची गाडी. आपला पार किंवा कट्टा केव्हाही गेलं तरी चालू असतो, कोणी ना कोणी बसलेलं असतंच. तिथे माणसं भेटतात ती वार आणि वेळ ठरवून, आणि वेळ संपली की पाच मिनिटांत सगळं सामसूम. मी खिडकीतून चुकीच्या वेळी बघत होते, एवढंच. तेव्हा सामान उघडायच्या आधी बोर्डाचा फोटो काढून आणा.

आता कॉफीबद्दल. ती असते गावच्या हॉलमध्ये, ज्याला ते व्हिलेज हॉल म्हणतात. असे पुष्कळ हॉल पहिल्या महायुद्धानंतर गावातल्या मेलेल्या मुलांच्या आठवणीसाठी बांधले गेले. आमच्याही हॉलच्या दाराशी पितळी पाटी आहे, आणि तीत एकच आडनाव तीनदा आहे. ती पाटी वाचून मी आत गेले, कप घेतला, एका टेबलाशी हसऱ्या चेहऱ्याने बसले. दोघी-तिघी आल्या, हवा छान आहे म्हणाल्या आणि गेल्या. हवा छान नव्हती. दुसऱ्या बुधवारी तेच. तिसऱ्या बुधवारी स्वयंपाकघराच्या खिडकीत एकच बाई पन्नासेक कप एकटीने विसळत होती. मला बघवेना. पदर खोचला, फडकं उचललं आणि कप पुसायला उभी राहिले. वीस मिनिटांत मला कळलं की कोणाचा गुडघा बदललाय, कोणाची सून बोलत नाही आणि पोस्टमन का बदलला.

समोरासमोर बसवलं की ही माणसं हवामानावर बोलतात. शेजारी उभं राहून दोघांचे हात पाण्यात असले की घरचं बोलतात. म्हणून माझं तुम्हाला सांगणं एकच: गप्पांना जाऊ नका, काम मागायला जा. "काही मदत करू का?" या वाक्याने तिथे जेवढी दारं उघडतात, तेवढी "कसे आहात?"ने उघडत नाहीत. जत्रेत केक विकायचे असतात, खुर्च्या मांडायच्या असतात, चर्चमधली फुलं बदलायची असतात, आणि माणसं नेहमी कमी असतात.

इथे एक सूचना, आणि ती हसण्यावारी नेऊ नका. तुम्ही व्हिजिटर व्हिसावर जाणार. त्यावर पगारी काम चालत नाही. विनामोबदला सेवासुद्धा नोंदणीकृत धर्मादाय संस्थेतच आणि एकूण तीस दिवसांपर्यंतच करता येते. कॉफीनंतर कप विसळणं वेगळं आणि गावच्या दुकानात आठवड्याचे वार बांधून गल्ल्यावर उभं राहणं वेगळं. आमच्या गावचं दुकान गावकऱ्यांनीच भाग घेऊन चालवलेलं आहे आणि तिथे मदतनीस सतत हवे असतात. मला विचारलं होतं, मी नाही म्हटलं. गिऱ्हाईक म्हणून मात्र रोज जात होते. त्यातच पोस्टाची खिडकी आहे. एक तिकीट घ्यायला जावं आणि अर्ध्या तासाने परत यावं.

बायकांच्या मंडळाला विमेन्स इन्स्टिट्यूट म्हणतात. सुरुवात इंग्लंडची नाहीच. १८९७ मध्ये कॅनडात निघालं आणि ब्रिटनमधलं पहिलं १९१५ मध्ये वेल्समध्ये. म्हणजे आपलं पुण्याचं सेवासदन (१९०९) ब्रिटनमधल्या पहिल्याच्या आधीचं, हे मी तिथे सांगितलं आणि त्यांनी विनम्रपणे चहा पुढे केला. पाहुणी म्हणून बसता येतं. केकच्या स्पर्धेत भाग घ्यायचा मोह झाला तर ध्यानात ठेवा, त्यांच्या व्हिक्टोरिया केकच्या मध्ये रास्पबेरीचाच जॅम लागतो, क्रीम लावलं की बाद. आपल्याकडे उकडीच्या मोदकाच्या कळ्या मोजतात, त्यातलाच प्रकार.

आणि ग्रामसभा. पॅरिश कौन्सिल म्हणतात, १८९४ च्या कायद्याने आलेली, कारभाराची सगळ्यात खालची पायरी. बैठक सगळ्यांना खुली असते. मी एका बैठकीला मागच्या खुर्चीवर बसले. चाळीस मिनिटं एका कुंपणाच्या झुडपावर आणि कुत्र्यांच्या घाणीवर चर्चा. थेट आपली सोसायटीची वार्षिक सभा, फक्त आवाज कोणी चढवला नाही. एक बाई "विथ ग्रेट रिस्पेक्ट" म्हणाल्या आणि सगळे खाली बघायला लागले. नंतर कळलं, ती तिकडची कानशिलात होती.

तुम्ही लिहिलं होतं की हॉलमध्ये बॅडमिंटनचं कोर्ट आहे. गावात खेळायला माणसं मिळतात का? — एक वाचक, डेक्कन

मिळतात, सोमवारी संध्याकाळी. सरासरी वय पासष्ट. पण तुमचा प्रश्न मी घेतला तो दुसऱ्याच कारणाने.

लेकीच्या गावापासून मोटारीने वीस मिनिटांवर बॅडमिंटन नावाचं खरंखुरं गाव आहे. तिथल्या सरदारांच्या वाड्याचं, म्हणजे बॅडमिंटन हाउसचं, नाव या खेळाला पडलं. त्याआधी हा खेळ आपल्याकडच्या छावणीतले गोरे अधिकारी खेळत आणि त्याला 'पूना' म्हणत. हे मी हॉलमध्ये सांगितलं तेव्हा एकाने भुवया उंचावल्या, दुसऱ्याने मोबाईल काढला आणि मिनिटभराने म्हणाला, "शी इज राइट." त्या दिवसापासून मी खेळत नसले तरी गुण मोजायला मला बसवतात.

मी माळकरी, वय ६८. जावई म्हणतो, "बाबा, पबमध्ये चला, सगळं गाव तिथेच असतं." दारूच्या ठिकाणी मी काय करू? — एक वाचक, सहकारनगर

दादा, जावयाचं ऐका.

मीही घाबरतच गेले होते. आत जुना गालिचा, शेकोटी, शेकोटीपुढे झोपलेला एक म्हातारा कुत्रा आणि त्याच्याहून म्हातारा मालक. एका टेबलावर आईबाप आणि शाळकरी पोरं बटाट्याच्या फोडी खात होती. मी कोपऱ्यातलं टेबल धरलं आणि वैशाली हॉटेलात बसल्यासारखी वेटरची वाट बघत बसले. दहा मिनिटं, वीस मिनिटं. कोणी फिरकेना. मनात म्हटलं, साडी बघून टाळतायत. चांगली फणकारून उठणार, तेवढ्यात कुत्र्याचा मालक म्हणाला, "डार्लिंग, इथे उठून काउंटरवर जावं लागतं." (तिकडे अनोळखी माणूसही डार्लिंग म्हणतो, मनावर घेऊ नका.) काउंटरवर सांगायचं, तिथेच पैसे द्यायचे, पेला आपणच टेबलावर आणायचा. रांग दिसत नाही, पण कोणाचा नंबर कितवा हे उभ्या असलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. हात वर करून "अहो" म्हणालात तर तुमचा नंबर शेवटचा.

लाइम अँड सोडा मागा. बिअरचा पाइंट ५६८ मिलिलिटरचा असतो, तेवढ्याच पेल्यात तुमचं लिंबूपाणी येतं आणि तासभर पुरतं. कोणी तुमच्यासाठी घेऊन आलं तर नको म्हणू नका, पण पुढची खेप तुमची. त्याला राउंड म्हणतात. फुकटचं लिंबूपाणी पिऊन घरी गेलेला माणूस गावाच्या वर्षानुवर्षं लक्षात राहतो.

खाण्याचं मात्र विचारून. बटाट्याच्या फोडी काही ठिकाणी गाईच्या चरबीत तळतात. नाताळातल्या 'मिन्स पाय' नावाच्या गोड पदार्थात, नाव खिम्याचं असलं तरी, खिमा नसतो, मनुका-बेदाण्यांचं सारण असतं, पण त्यातही सूएट नावाची चरबी असू शकते. वनस्पतीजन्य सूएटची मिन्स पायही मिळते, पाकीट वाचावं. पाव, चीज, लोणचं असं एका ताटलीत येणारं प्लाउमन्स लंच बरं, हॅम नको म्हणून सांगायचं. त्यांच्या लोणच्याला लोणचं म्हणणं हा आपल्या बरणीचा अपमान आहे, गोड असतं. चटणीही गोड असते. मी कैरीचं लोणचं नेलं होतं, कुत्र्याच्या मालकाने अख्खी फोड एकदम तोंडात टाकली. दोन पाइंट लागले त्याला.

आणि दुपारी एक ते चारवरून आपल्याला हसणाऱ्यांसाठी: पहिल्या महायुद्धात, कारखान्यांतले कामगार पिऊन पडू नयेत म्हणून, इंग्लंडमधले पब दुपारी बंद ठेवायचा कायदा झाला. युद्ध संपलं, दुसरं झालं, तेही संपलं, पण पब दुपारचे बंदच. इंग्लंडात तो नियम १९८८ मध्ये उठला. सत्तर वर्षांवर दुपारची विश्रांती! आपण उगीच बदनाम.

आमच्या पबच्या मागे स्किटल्सची लांब गल्ली आहे. नऊ लाकडी खुंट, लाकडी चेंडू, आणि पडलेले खुंट परत उभे करायला एखादं पोरगं. महिन्यातून एकदा प्रश्नमंजूषा असते. चारजणांच्या एका गटात एक जागा रिकामी होती म्हणून मला ओढलं. फुटबॉल, राजघराणं, दूरदर्शन मालिका, सगळ्यांत मी शून्य. मग प्रश्न आला: इंग्रजीतला मुंगूस हा शब्द कोणत्या भाषेतून आला? आमच्या गटाने 'हिंदी' लिहायला घेतलं होतं. मी पेन्सिल ओढून घेतली. त्या एका गुणावर आम्ही तिसरे आलो.

शेजाऱ्यांकडे सहज डोकावलेलं चालतं का? — कर्वेनगर

नाही. फोन करून, दिवस ठरवून. "यू मस्ट कम राउंड" म्हणजे आमंत्रण नव्हे. तारीख ठरली तरच आमंत्रण. मी पहिल्या वर्षी एकीच्या "मस्ट"वर विसंबून तीन आठवडे शंकरपाळे ताजे ठेवत होते. पण "या एकदा घरी" असं दारातूनच म्हणणाऱ्या पुणेकरांना हे समजायला जड जाऊ नये.

घरापेक्षा पायवाट बरी. शेतांमधून, कधी कोणाच्या खासगी मळ्यातून सार्वजनिक पायवाटा जातात, पिवळे बाण लावलेले असतात, आणि त्यावरून चालायचा कायद्याने हक्क असतो. फाटक उघडलं की मागे लावून घ्यायचं, नाहीतर मेंढ्या बाहेर. वाटेत भेटणाऱ्या कुत्र्याचं कौतुक करा, म्हणजे मालक बोलतो. मला अकरा कुत्र्यांची नावं पाठ आहेत. त्यांच्या मालकांपैकी तिघांची. दिवस मोठे असताना चाला. जूनमध्ये रात्री सव्वानऊनंतरही उजेड असतो, डिसेंबरात चारला दिवे लागतात, आणि ते फक्त घरात. रस्त्यावर दिवेच नाहीत. विजेरी न्या.

पायवाटेच्या तोंडाशी टेलिफोनचं लाल खोकं दिसेल. आतून फोन गेलेला आहे. टेलिफोन कंपनी अशी खोकी गावांना एका पौंडाला देते. आमच्या गावाने आत पुस्तकं ठेवली आहेत आणि बाजूला हृदय बंद पडलं तर झटका द्यायचं यंत्र. पुस्तक घ्या, वाचून ठेवा. यंत्र लागलंच तर आधी ९९९.

तुमच्या लेखात घंटांचा उल्लेख होता, त्या तासन्‌तास वेगवेगळ्या क्रमाने वाजतात म्हणून. मी निवृत्त गणित शिक्षक आहे. यात काही हिशेब असतो का? शिवाय आपण चर्चमध्ये गेलेलं चालतं का? — नारायण पेठ

सर, दुसरं आधी. चालतं. दार बहुतेक दिवसा उघडं असतं, कोणी तुमचा धर्म विचारत नाही, बसावं, उठावं. आमच्या घंटा वाजवणाऱ्या सहा जणांतले दोघे तर उघड सांगतात की देवावर विश्वास नाही, घंटेवर आहे.

हिशेब म्हणाल तर नुसता हिशेबच. आपल्या डोक्यातली घंटा म्हणजे लोलक हलला की ठण्. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसईहून आणलेल्या पोर्तुगीज घंटा मेणवलीला, भीमाशंकरला आहेत, त्या तुम्ही पाहिल्या असतील. त्या एका जागी टांगलेल्या. इंग्लंडच्या मनोऱ्यातली घंटा अख्ख्या चाकाला बांधलेली असते. दोरी ओढली की ती तोंड वर करून पूर्ण गरगरते आणि मग उलटी फिरते. एवढं वजन एकदा फिरलं की ते आपल्याच चालीने येणार, त्याला घाई करता येत नाही. म्हणून त्यावर गाण्याची चाल वाजत नाही. एवढंच जमतं की पुढच्या फेरीत एक घंटा क्षणभर थांबवायची आणि शेजारची पुढे घ्यायची. १-२-३-४-५-६ चं २-१-४-३-६-५. असं करत जायचं, आणि अट अशी की एकदा वाजलेला क्रम पुन्हा वाजता कामा नये. तीन घंटांचे सहा क्रम, चारांचे २४, पाचांचे १२०, सहांचे ७२०, सातांचे ५०४०, हे मी तुम्हाला काय सांगावं? ५०४० पूर्ण करायला तीन तासांच्या आसपास लागतात. समोर कागद नाही, सगळं पाठ. शेकडो वर्षं शेतकरी आणि सुतार हे गणित दोरीने करत आलेत.

मंगळवारी मी वर चढले होते. अरुंद, गोल, दगडी जिना. माझ्या गुडघ्यांनी नंतर आठवडाभर असहकार केला. दोरीला हात लावू दिला नाही, आणि बरोबरच आहे. नवख्याला दोरी वर खेचून नेते. भिंतीलगतच्या बाकावर बसवलं. पुढची बाई म्हणाली, "लुक टू." सगळे सावध. "ट्रेबल्स गोइंग," म्हणजे पहिली घंटा निघाली. दोरी खाली आली. "शीज गॉन." घंटा तिथे बाईमाणूस आहे, नेहमी 'ती'. मग वरून जो आवाज कोसळला, त्यात मी चौथ्या फेरीपर्यंत मोजू शकले. पुढे सोडून दिलं. कोणी कोणाकडे बघत नव्हतं असं वाटलं, पण प्रत्येकजण शेजारच्या हातांकडे बघत होता. चुकलं की कोणी ओरडत नाही, थांबतात आणि पुन्हा पहिल्यापासून. नऊ वाजता दोऱ्या गुंडाळल्या आणि सगळे सरळ पबमध्ये. देव न मानणारे दोघे सगळ्यांत पुढे.

तुम्ही जाणार असाल सर, तर मंगळवारी जा. गणिताचा मास्तर म्हटल्यावर ते तुम्हाला सोडणार नाहीत.

हे सगळं ठीक आहे. पण तिकडचं कौतुक किती दिवस? पुण्यात आपल्या सोसायट्यांमध्ये शेजारी मेला तरी कळत नाही. इथे काय करणार ते लिहा. — एक वाचक, वारजे

लिहिते, कारण तुमचं पत्र रागाचं असलं तरी खरं आहे. आणि तिकडचं सगळंच गोड नाही. गावची बस दिवसातून तीनदा, रविवारी नाही. गाडी चालवता न येणारी म्हातारी माणसं तिथेही खिडकीशीच बसलेली असतात. घरं इतकी महाग की हॉलची पाटी ज्यांच्या पोरांच्या नावाची आहे, त्यांच्या घरची आजची पोरं गावात राहू शकत नाहीत.

परत आल्यावर मी आमच्या सोसायटीच्या क्लबहाउसची किल्ली मागितली. दर बुधवारी साडेदहा ते बारा चहा, बस. किल्ली मिळायला सात आठवडे लागले. अर्ज, ठराव, अनामत, आणि "कोणत्या कारणासाठी" या रकान्यात काय लिहायचं यावर वाद. मी 'चहा' लिहिलं, ते 'सांस्कृतिक' करून मिळालं. पहिल्या बुधवारी चारजण आले. त्यातले दोघे वॉचमनला शोधत होते, पण चहा घेऊन गेले. दुसऱ्या बुधवारी नऊ. मी कागदी कप आणायचे नाहीत असं मुद्दाम ठरवलं होतं, घरचे स्टीलचे आणले. साडेअकराला सगळे उठायला लागले, तेव्हा बी विंगमधले एक गृहस्थ, ज्यांच्याशी बारा वर्षांत लिफ्टमध्ये मान हलवण्यापलीकडे ओळख नव्हती, बेसिनशी आले आणि म्हणाले, "काकू, द्या इकडे, मी विसळतो." त्यांची बायको दोन वर्षांपूर्वी गेली, हे मला पाचव्या कपाला कळलं.

या बुधवारी बिस्किटं माझ्याकडून आहेत. दूध कोण आणणार ते अजून ठरलेलं नाही.